घर राहायचं, वीजबिल दुकानाचं

या भागात आकडे आणि कलमं बरीच आहेत, ऐकताना निसटतात. म्हणून सगळं इथे लिहून टाकतोय.

आधी एक काम करा. मोबाइलवर वीजबिलाची पीडीएफ उघडा. किती भरायचे ते सोडा, वरच्या भागात दराचा प्रकार लिहिलेला असतो तो बघा. महाराष्ट्रात घरगुती म्हणजे एलटी-१ आणि दुकान-ऑफिस म्हणजे एलटी-२. राहत्या घराच्या बिलावर एलटी-२ असेल, तर तुम्ही दर महिन्याला जास्तीचे पैसे भरताय.

किती जास्त? घरगुती दराला टप्पे असतात: पहिली १०० युनिटं स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, असं चढत जातं. छोट्या व्यावसायिक जोडणीला हे टप्पे नाहीत, पहिल्या युनिटपासून एकच चढा दर. म्हणजे फटका कोणाला? दोन खोल्यांत राहून ८०-९० युनिटं जाळणाऱ्याला. स्वस्त टप्पा त्याच्यासाठीच होता, तोच गेला. त्यात स्थिर आकार कितीतरी जास्त, घर बंद असलं तरी तो लागतोच. शिवाय वीजशुल्क घरगुतीला १६ टक्के, व्यावसायिकला २१ टक्के.

आता हे होतं कसं? बहुतेक वेळा जुन्या भाडेकरूमुळे. माझं तसंच झालं. मी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आधी शिकवणी वर्ग चालायचे, तेव्हा मीटर व्यावसायिक केलेला. पहिलं बिल बघून मी घरमालक काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अरे, क्लास बंद झाला तेव्हाच मी अर्ज दिला होता." आणि खरंच दिला होता! काकांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरपट्टीच्या पावत्यांखाली, वीज कंपनीच्या शिक्क्याची पोच सापडली. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. त्यातले सात महिने फ्लॅटला कुलूप होतं आणि काका निमूट व्यावसायिक स्थिर आकार भरत होते.

काउंटरवरचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "पुढच्या बिलापासून घरगुती करून देतो." बहुतेक लोक इथेच थँक्यू म्हणून घरी येतात. पण दर बदलणं ही एक मागणी आणि आधी घेतलेले जादा पैसे परत करणं ही दुसरी. पहिली मान्य झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, ती वेगळी लिहून द्यावी लागते.

तिला आधार आहे. विद्युत कायदा २००३, कलम ६२ पोटकलम ६: ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम ग्राहकाला बँक रेटने व्याजासह परत मिळवता येते. आम्ही पत्रात हेच कलम लिहिलं, अकरा बिलांचा तक्ता जोडला, काकांच्या पोचेची झेरॉक्स लावली. बिल काकांच्या नावावर, म्हणून सही त्यांची आणि मला अधिकारपत्र. पैसे पुढच्या बिलांत वजा होऊन आले. व्याजासाठी मात्र आणखी एक पत्र लागलं.

कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही नाही पटलं तर विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. पण मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. "बघू निवांत" म्हणत बसलात तर जुने महिने हातातून जातात.

वाद चालू असताना वीज तोडतील ही भीती असते. कलम ५६ नुसार तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. 'निषेध नोंदवून' हे शब्द पत्रात लिहा, तोंडी सांगून चालत नाही.

"मी घरातून टिफिन करते, ट्यूशन घेतो, मग मी व्यावसायिक का?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. लगेच नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत अशी तरतूद आलेली आहे की घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटं आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटं यांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. फक्त घरच्या दळणासाठीची सिंगल फेज घरघंटीसुद्धा घरगुतीच! आयोगाला घरघंटी आठवली याचं मला फार कौतुक वाटतं. दरआदेश बदलत राहतात, त्यामुळे पत्र लिहिताना त्या काळात लागू असलेला आदेशच बघा.

आणि एक कागद वेगळा ओळखा. नोटिशीवर 'कलम १२६' असेल तर प्रकरण निराळं: कंपनी म्हणतेय की तुम्ही विजेचा अनधिकृत वापर केलात. त्यात आकारणी दुप्पट दराने होते आणि वर सांगितलेला मंच ते प्रकरण घेत नाही. आधी तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत द्यायची. अंतिम आदेश आला की ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील, तेही निम्मी रक्कम भरून. असा कागद आला तर त्याच दिवशी एखाद्या जाणकार वकिलाला दाखवा.

बिलाबद्दल काही विचारायचं असेल तर फोटो पाठवा, पण नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून. दराचा प्रकार, मंजूर भार आणि युनिटं दिसली की पुरे.