कर्करोग मेंदूत पोहोचला तर काय करावे?

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी बेणे, खते आणि हुमणी यांचीच माहिती येते. पण गटागटांतून फिरताना उसाइतकेच घरच्या दुखण्यांचेही बोलणे निघते. "कॅन्सर मेंदूत गेलाय म्हणतात. एकर विकून इलाज करावा, की घरी आणून ठेवावं?" हा प्रश्न अलीकडे बांधावर पुष्कळदा कानी येतो. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकाधारक माणूस. इलाज सांगणे माझे काम नाही. पण डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत एवढी माहिती प्रत्येक घरी असावी, म्हणून हा लेख.

दुखणे कोठून येते?

काणीचे उदाहरण घ्या. काणी लागलेल्या फडातले बेणे दुसऱ्या गावच्या रानात लावले तरी तिथे काणीच उगवते. रान बदलले म्हणून रोग बदलत नाही. कर्करोगाचेही तसेच आहे. फुफ्फुसातल्या किंवा स्तनातल्या गाठीतून पेशी सुटतात आणि रक्तावाटे मेंदूत जाऊन रुजतात. तेथे वाढलेली गाठ ही मूळच्या फुफ्फुसाच्या किंवा स्तनाच्याच कर्करोगाची असते. औषधही त्या मूळ जातीप्रमाणे ठरते. मूत्रपिंड, मोठे आतडे आणि त्वचेचा मेलॅनोमा हेही मेंदूत जाऊ शकतात. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू झालेल्या कर्करोगापेक्षा असा बाहेरून आलेला जास्त आढळतो.

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ ते २० टक्के रक्त एकट्या मेंदूकडे जाते. पाटाचे पाणी अरुंद सरीत शिरताना काडीकचरा जसा अडकतो, तशा या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

लक्षणे कोणती?

मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. गाठ वाढली, भोवती सूज आली की दाब वाढतो. पहाटे किंवा सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, फिट येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, स्वभाव एकाएकी बदलणे ही लक्षणे होत. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही खरे. पण ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे त्याला अशी लक्षणे दिसली, तर 'बाहेरचे' म्हणून अंगारा-उतारा करीत दिवस घालवू नयेत. फिट आल्यास माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये आणि दवाखाना गाठावा.

तपासणी

शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये ठिपके किती, कोठे व केवढे ते कळते. परंतु आपल्या देशात क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अळ्याही फोटोत अशाच दिसू शकतात, आणि त्यांचा इलाज अगदी वेगळा असतो. म्हणून शंका असेल तेव्हा डॉक्टर तुकडा तपासायला सांगतात. त्याला घाबरून नकार देऊ नये. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात डॉ. रॉय पॅचेल यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूत पसरलेला कर्करोग समजून निवडलेल्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांना तो नव्हताच!

उपचार कोणते?

पहिला उपाय सूज उतरवण्याचा. डेक्सामेथासोनने एक-दोन दिवसांत पुष्कळदा बरे वाटते. मात्र त्याने गाठ जात नाही. रक्तातली साखर वाढू शकते. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. फिट येत असतील तर त्यांची गोळी वेगळी असते.

दुसरा उपाय शस्त्रक्रिया. गाठ एकच असेल, काढण्याजोगी असेल आणि माणूस धट्टाकट्टा असेल, तर तिचा उपयोग होतो. पॅचेल यांच्याच अभ्यासात नुसत्या किरणोपचाराने रुग्ण मध्यमानाने १५ आठवडे जगले, तर शस्त्रक्रिया अधिक किरणोपचार केलेले ४० आठवडे जगले.

तिसरा उपाय नेमक्या ठिपक्यावर किरणांचा मारा करण्याचा, म्हणजे रेडिओसर्जरी. १९५१ साली स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना मांडली. ठिपके थोडे व लहान असतील तर चिरफाड न करता एक किंवा काही बैठकांत काम होते.

ठिपके पुष्कळ असतील तर सबंध डोक्याला किरण देतात. बहुधा दोन आठवड्यांत १० बैठका होतात. थकवा येतो, केस जातात, पुढे स्मरणशक्ती कमी होऊ शकते.

नवी औषधेही आली आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने बांध घातलेला असल्याने बरीच जुनी औषधे पलीकडे पुरेशी पोचत नसत. ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिब ही फुफ्फुसाच्या आणि टुकाटिनिब हे स्तनाच्या काही ठराविक प्रकारांत मेंदूतही काम करतात. मात्र ती सर्वांना लागू पडत नाहीत. त्यासाठी मूळ गाठीची जनुकीय किंवा प्रथिनांची तपासणी आधी व्हावी लागते.

जमीन विकण्यापूर्वी

हा रोग मुळापासून क्वचितच जातो. कोणाला काही आठवडे मिळतात, कोणाला योग्य औषधाने काही वर्षेही मिळतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : मूळ रोग कोणता? ठिपके किती? मूळ गाठ आटोक्यात आहे काय? हा उपचार आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? न केल्यास काय होईल?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी न झेपणारे फुफ्फुस कर्करोगाचे ५३८ रुग्ण होते. सबंध डोक्याला किरण देऊनही त्यांच्या आयुष्यात किंवा सुखात म्हणावी तशी भर पडली नाही. अशा वेळी वेदना, उलट्या, फिट यांवर औषध देत माणसाला घरच्या माणसांत ठेवणे ही हयगय नव्हे, तोही उपचारच आहे.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड, आधार, तुकड्याचा अहवाल आणि एमआरआय एका पिशवीत ठेवावेत. ते घेऊन कर्करोगाच्या दुसऱ्या जाणकार डॉक्टरांचेही मत घ्यावे. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. सातबाऱ्याला हात लावायचा तो त्यानंतर.

आणि ज्या घरी आज दुखणे नाही, तेथे विडी, तंबाखू, मिश्री आजच सोडावी. रोगट बेणे रानात येऊच न देणे केव्हाही स्वस्त पडते, हे आपणा ऊसवाल्यांना वेगळे सांगायला नको.