लिंडा जॅक्सन : फॅशनकडून निसर्गचित्रणाकडे

ऑस्ट्रेलियन फॅशन डिझायनर लिंडा जॅक्सन यांचा जन्म 1950 साली मेलबर्नमध्ये झाला. 1970 च्या दशकात सिडनीतील ‘फ्लेमिंगो पार्क’ या दुकानासाठी त्यांनी डिझायनर जेनी की यांच्यासोबत कपडे घडवले. पॅरिसच्या अनुकरणाऐवजी दोघींनी स्थानिक फुले, पक्षी आणि ओपल रत्नांचे रंग कापडावर आणले.

1982 मध्ये जॅक्सन यांनी ‘बुश कुत्यूर’ या नावाने स्वतंत्र वाट धरली. मध्य ऑस्ट्रेलियातील लाल माती, खडक आणि रानफुले त्यांच्या हाताने रंगवलेल्या व छापलेल्या रेशमावर उतरू लागली. मध्य ऑस्ट्रेलियातीलच युटोपिया येथील आदिवासी बाटिक (मेण वापरून कापड रंगवण्याची पद्धत) कलाकारांसोबतही त्यांनी काम केले. कापडच त्यांचा कॅनव्हास बनले. 2019 मध्ये सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयात ‘स्टेप इनटू पॅराडाइस’ या प्रदर्शनात जॅक्सन आणि जेनी की या दोघींचे काम मांडले गेले.