पुरात धावणाऱ्या पोरांची झोप

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठची पोरं दोर घेऊन धावतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात अशाच पोरांनी म्हातारीकोतारी, लेकरं बाहेर काढली. आपण सत्कार केले आणि उसाच्या नुकसानीकडे वळलो. त्याच पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. असलं डोळ्यांनी पाहिलेल्याचं काय? रात्री दचकून उठणं, चिडचिड, बाटली जवळ करणं हा भेकडपणा नव्हे, मनाची जखम आहे. "लई धीराचा गडी" म्हणून त्याचं तोंड बंद करू नये. शेजारी बसावं, खोदून मात्र विचारू नये. महिना उलटूनही झोप येईना, तर टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा. सल्ला मोफत, मराठीत, रात्रीही मिळतो.