गुपिताची गोधडी

आपल्या संस्थेच्या महोत्सवी वर्षात महिला विभागाने एक शिवणकाम हाती घेतले आहे. त्याविषयी सभासदांच्या घरांतून बरीच विचारणा होते. "काय शिवता आहात?" असे कोणी विचारले तर शिवणाऱ्या भगिनी "गोधडी" एवढेच सांगतात. "नक्षी कोणती?" या प्रश्नाला मात्र "ते आम्हालाही ठाऊक नाही" असे उत्तर मिळते. पुष्कळांना ही थट्टा वाटली. ती थट्टा नाही. हे काम आहे तरी काय, ते कसे चालते आणि त्यातून काय साधावयाचे आहे, हे सभासद-कुटुंबांना नीट समजावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

गोधडी आपल्याला नवी नाही. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा सगळा कापसाचा मुलूख. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडाचा काळ या भागालाही आला. पण कापड हातमागाचे असो की गिरणीचे, ते फाटले म्हणून टाकून देण्याची रीत आपल्याकडे नव्हती. जुने लुगडे, विरलेले धोतर, मुलांचे अंगरखे एकावर एक पसरायचे, वर चांगल्या तुकड्यांची ठिगळे लावायची आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालीत जायचे. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ. अंगणात ती पसरली की शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन येत, चार बाजूंना बसत आणि कडेकडून मध्याकडे सरकत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली 'कवंद' अशीच कडेपासून आत शिवीत नेतात. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. ज्या वस्तूला आपण अडगळ समजत होतो, तिच्याकडे आता कला म्हणून पाहिले जाते.

या जुन्या गोधडीला मापाची फारशी गरज नसे. एक ठिगळ लहान पडले तर शेजारचे मोठे लावायचे. तिरके गेले तर तिरकेच राहायचे. गोधडी सगळे सामावून घेई. गुपिताच्या गोधडीत मात्र तसे चालत नाही.

ही पद्धत मूळची अमेरिकेतील. तेथे रजई शिवणाऱ्या बायकांची मंडळे फार जुनी आहेत. 'कॅन्सस सिटी स्टार' हे वर्तमानपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत रजईचे नमुने छापीत होते, आणि बायका ते कात्रणे करून जपून ठेवीत. गुपिताची रजई हा याच आवडीचा एक पुढचा प्रकार म्हणता येईल. तिच्यात नमुना एकदम हाती पडत नाही. आखणी करणारी व्यक्ती प्रथम फक्त कापड किती व कोणत्या छटेचे हवे ते सांगते. मग ठराविक दिवसांच्या अंतराने एकेक पान देते. एका पानात कापणे, दुसऱ्यात जोडणे, असे. पूर्ण गोधडी कशी दिसेल ते अगदी शेवटच्या पानात कळते. तोवर सगळ्याजणी सारखेच काम करतात आणि सगळ्याजणी सारख्याच अंधारात असतात.

आमच्याकडे सात जणींचा एक गट केला असून एक गट एक गोधडी शिवतो. आखणी एका अनुभवी भगिनीकडे आहे. त्यांनी सहावे पान लिहून पाकिटात बंद केले आणि ते पाकीट संस्थेच्या कपाटात, हिशोबाच्या वह्यांशेजारी, कुलूपबंद ठेवले. उद्या त्यांची प्रकृती बरी नसली तरी काम अडू नये, हा त्यामागील हेतू.

पानांचे दिवस आपल्या सणांप्रमाणे ठरविले. पहिले पान पोळ्यानंतर मिळाले. त्यात कापड जमविणे, धुणे आणि खळ देऊन इस्त्री करणे एवढेच होते. दुसरे पान घटस्थापनेला, त्यात चौकोन कापायचे. तिसरे कोजागिरीला, त्यात जोडकाम. दिवाळीनंतर कापसाची वेचणी आणि संत्र्यांची तोडणी यांत बायकांना मान वर करायला सवड नसते, म्हणून चौथे पान मुद्दाम लहान ठेवले. पाचवे मार्गशीर्षात, अस्तर व मधले थर तयार करण्याचे. सहावे पान मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला उघडायचे आहे. हा लेख लिहिताना चार पाने पुरी झाली आहेत.

आता प्रत्यक्ष काम कसे आहे ते पाहू. गोधडी साठ इंच रुंद आणि चौऱ्याऐंशी इंच लांब होईल. तिच्यात सहा-सहा इंचांची १४० घरे आहेत, आडवी दहा आणि उभी चौदा. त्यांतील ७० घरे नौखणी, म्हणजे नऊ लहान चौकोनांची. चार कोपरे व मध्य गडद, उरलेले चार फिके. तेव्हा एका गोधडीला ३५० गडद आणि २८० फिके चौकोन लागतात. सात जणींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ५० गडद, ४० फिके आणि त्यांतून दहा नौखणी घरे येतात. उरलेली ७० घरे दोन त्रिकोणांची, अर्धे गडद व अर्धे फिके. त्यासाठी सात इंचांचे दोन चौकोन, एक गडद व एक फिका, तोंडाला तोंड लावून ठेवायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवायचे आणि रेघेवर कापायचे. एका जोडीतून दोन घरे निघतात. ती एक सूत मोठी भरतात, म्हणून छाटून साडेसहा इंचांची करायची. प्रत्येकीला अशा पाच जोड्या शिवायच्या. हेच ते लहान चौथे पान.

सगळे कापड कापायचे म्हटल्यावर पहिली अडचण उभी राहिली, आणि ती मापाची नव्हती. बायकांनी आणलेली लुगडी कोणाची होती? कोणाच्या आईचे, कोणाच्या सासूबाईंचे, कोणाच्या गेलेल्या जावेचे. जुन्या गोधडीत असे लुगडे घडी घालून अख्खे आत जाई. ते अंगावर घेतले की माणूस जवळ असल्यासारखे वाटे. येथे मात्र त्याचे अडीच इंचांचे तुकडे करायचे, आणि ते कोठे लागणार हेही कळणार नाही. "नक्षी दाखवा, मग कात्री लावते," असे काहीजणींनी स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की प्रत्येक लुगड्याचा बळकट भाग तेवढाच तुकड्यांसाठी घ्यावा आणि उरलेले अख्खे कापड त्याच गोधडीच्या मधल्या थरात घालावे. काठाची एक पट्टी ज्या घरचे लुगडे त्या घरी परत द्यावी. यानंतर कात्री चालली. तरीही दोघींनी आपली लुगडी दिली नाहीत. त्यांना कोणी आग्रह केला नाही, आणि त्या गटात बसून इतरांचे कापड शिवीत आहेत.

कापड निवडण्याची रीत सोपी आहे. ते उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणावे. विरत असेल तर ते थरात जाईल, वरच्या नक्षीत नाही. सुतीबरोबर टेरिकॉट किंवा नायलॉन मिसळू नये, कारण धुतल्यावर सुती आटते आणि दुसरे आटत नाही. ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग उतरला तर ते कापड बाजूला ठेवावे.

गडद आणि फिके ठरविताना रंगाचा मोह सोडावा लागतो. लाल आणि हिरवा हे वेगळे रंग असले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून ते एकच दिसतात आणि नक्षी बुडते. कापडे शेजारी ठेवून डोळे अर्धे मिटून पाहिले की कोणते कापड कोठे जाते ते लगेच कळते. नक्षी माहीत नसताना हाती असलेले एवढेच साधन आहे.

आता मापाविषयी. अडीच इंचांच्या चौकोनाला दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवण गेली की दोन इंच उरतात. सुतारकाम करणाऱ्या घरांना ठाऊक आहे की एक इंच म्हणजे आठ सूत. समजा, एखादीने पाव इंचाऐवजी अर्धा सूत जास्त शिवण घेतली. डोळ्यांना ते दिसतही नाही. पण एका शिवणीत दोन तुकडे असतात, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत गेले. नौखणी घराच्या एका ओळीत दोन शिवणी, तेव्हा साडेसहा इंचांऐवजी घर सव्वासहा इंच भरते. अशी पाच घरे एका आडव्या ओळीत आली तर ओळ सव्वा इंच आखूड पडते, आणि शेजारच्या ओळीशी तिचे काही केल्या जमत नाही.

आमच्यात तर आणखी एक घोटाळा होता. वडीलधाऱ्या भगिनी बोटांनी नाहीतर इंचांनी मोजतात, शाळा शिकलेल्या सुना-मुली सेंटिमीटरने. अडीच इंच म्हणजे ६.३५ सेंटिमीटर. कोणी सहा पॉइंट तीन धरले, कोणी साडेसहा. शेवटी एकाच जाड पुठ्ठ्यावरून सगळी मापे कापून प्रत्येकीला दिली आणि पट्टी बाजूला ठेवावयास सांगितले. तेव्हापासून फरक पुष्कळ कमी झाला.

या कामात सर्वांत अवघड गोष्ट उसवणे ही आहे. आपल्या समाजात वडील बाईला "तुमची शिवण चुकली" असे सुनेने म्हणावयाची चाल नाही. जुन्या गोधडीत तसे म्हणण्याची वेळही येत नसे. येथे न बोलले तर सातजणींचे श्रम वाया जातात. म्हणून आम्ही एक नियम केला. दर बैठकीत सगळी घरे एकत्र मिसळायची आणि एकेक पुठ्ठ्यावर ठेवून पाहायचे. घर कोणाचे, हे विचारायचे नाही. जे बसले नाही ते जिच्या हाती असेल तिने उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. पहिल्या बैठकीत थोडे अवघडलेपण होते. आता ज्यांच्या नजरेला बारीक टाका दिसत नाही अशा आजीबाई उसवण्याचे काम आपणहून मागून घेतात, कारण त्यांचा हात दोरा न तुटू देता शिवण मोकळी करतो. तरुणींना ते अजून साधत नाही.

मग गुपित कशासाठी, असे कोणी विचारील. आधीच नक्षी दाखविली असती तर काय बिघडले असते? त्याचे उत्तर आम्हाला कामातच मिळाले. नक्षी ठाऊक असती तर माझे कापड मध्यभागी यावे आणि तुझे कडेला जावे, असा विचार कोणाच्याही मनात आला असता. तसा वाद घालण्यासारखे काही हातीच नाही. भारी लुगडे आणि साधे पातळ एकाच थाळीत तुकडे होऊन पडले आहेत. आणि नक्षीचे म्हणाल तर त्रिकोणाचे घर चार दिशांना फिरविता येते. अशी ७० घरे आहेत. ती मांडण्याचे जितके मार्ग आहेत ती संख्या लिहू गेल्यास ४३ आकडी होते. तेव्हा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. काहीजणी पायऱ्या म्हणतात, काहीजणी लाटा, एका भगिनीची खात्री आहे की शंकरपाळे निघणार. संक्रांतीला कळेलच.

या गोधड्या कोणासाठी, हे सभासदांना मुद्दाम सांगावयाचे आहे. मोठे दुखणे आले की आपल्या भागातील माणसे अजूनही नागपूर गाठतात. रोग्याला खाट मिळते. त्याच्यासोबत गेलेली आई, बायको किंवा भाऊ बाहेरच्या फरशीवर रात्र काढतो. पौष-माघातील फरशीची थंडी ज्याने अनुभवली त्याला ती सांगावी लागत नाही. आपली संस्था लग्नकार्याला भांडी देते, तशाच या गोधड्या संस्थेत राहतील. ज्या घरी अशी वेळ येईल त्या घराने न्याव्या आणि धुऊन परत आणाव्या. म्हणूनच थर तीनच ठेवले आहेत. गोधडी फार जाड झाली तर पाणी पिते, पिळता येत नाही आणि दिवसात वाळत नाही.

संक्रांतीनंतर घरांची जुळणी, मग धावदोरा आणि शेवटी गोट लावणे, एवढे काम होळीपर्यंत चालेल. धावदोऱ्यासाठी हात जितके जास्त तितके बरे, आणि त्याला मापाची भीती नाही. ज्या भगिनींना कापण्या-जोडण्याचा धीर झाला नाही त्यांनी तेव्हा अवश्य यावे. येताना सुई आणि अंगुस्तान आणावे. दोरा संस्थेकडे आहे. मधल्या थरांसाठी सुती धोतरे व पातळे अजून हवी आहेत. ती धुऊन, बिनखळीची, संस्थेच्या कार्यालयात द्यावीत आणि सोबत चिठ्ठीवर घराचे नाव लिहावे, म्हणजे काठाची पट्टी त्या घरी परत पोहोचविता येईल.