ग्रंथांचे संगणकीय रूप : स्वरूपाच्या निवडीचा विवेक

तिपिटक कित्येक पिढ्या भिक्खुसंघाच्या कंठात होते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, ते ग्रंथरूपात उतरविले गेले. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या मिंडॉन राजाने मंडाले येथे ते ७२९ संगमरवरी शिलापटांवर कोरविले. आधार बदलला तरी वचन बदलू नये, ही दक्षता प्रत्येक वेळी घ्यावी लागली. आज संगणकाचा आधार स्वीकारताना तीच दक्षता आवश्यक आहे.

हा प्रश्न आम्हांस नांदेड व लातूरच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा वाटतो. 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने १९९० साली पुनर्मुद्रित केले. परंतु जलशांच्या वह्या, धम्मदीक्षेनंतरच्या पुस्तिका, १९७८ ते १९९४ या काळातील नामांतर लढ्याची पत्रके यांना असा आश्रय क्वचितच लाभतो. पुष्कळदा त्यांची एखादीच प्रत उरलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळून सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. घर पडते तेव्हा घरातील कागदही जातो, हे मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको.

स्कॅन केलेले पान म्हणजे बिंदूंचे चित्र होय. ए-४ आकाराचे पान एका इंचात ३०० बिंदू या प्रमाणात घेतल्यास सुमारे ८७ लाख बिंदू होतात. करड्या छटांत त्यास जवळजवळ ९ मेगाबाइट, तर पूर्ण रंगांत २६ मेगाबाइट जागा लागते. दोनशे रंगीत पानांचे पुस्तक ५ गिगाबाइटांवर जाते. म्हणून चित्र दाबून लहान केले जाते. या दाबण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. टिफ व पीएनजी ही स्वरूपे त्यासाठी वापरली जातात. दुसऱ्यात डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील कायमचा टाकून दिला जातो. जेपेग हे त्याचे परिचित उदाहरण. जेपेग चित्रात फेरफार करून ते पुनःपुन्हा साठविले, तर प्रत्येक वेळी थोडी हानी होते.

ही हानी केवळ सौंदर्याची नाही. जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ साली दाखवून दिले की, काही स्कॅन-यंत्रे पानावरील ६ च्या जागी ८ छापीत होती. जेबिग-२ या पद्धतीत सारखी दिसणारी चिन्हे एकच मानली जातात. तिच्या सदोष वापरामुळे हा प्रमाद घडला होता. अक्षर अस्पष्ट झाले तर वाचक सावध होतो. येथे मात्र चुकीचा अंक स्वच्छ छापला जात होता. सभेची तारीख किंवा दीक्षार्थींची संख्या अशी बदलली, तर पुराव्याचे मूल्य काय उरेल ?

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक ग्रंथाची तीन रूपे असावीत. पहिले जतनाचे : हानिरहित टिफ, ज्यास कोणी हात लावू नये. दुसरे वाचनाचे : पीडीएफ, शक्यतो २००५ साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ/ए या प्रकारातील. त्यात आवश्यक फॉन्ट फाईलमध्येच असतात व ती बाहेरील कशावर अवलंबून राहत नाही. तिसरे शोधाचे : युनिकोडमधील साधा मजकूर. नव्वदच्या दशकात संगणकावर जुळविलेला बराच मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होता. तो फॉन्ट नसेल तर पानावर निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा संकेतांक निश्चित असल्याने ही आपत्ती टळते. मात्र यंत्राने ओळखलेल्या मजकुरात जोडाक्षरे चुकतात. म्हणून तो शोधासाठी वापरावा आणि प्रमाण मूळ चित्रच मानावे.

चित्रकथांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. रेषा, सपाट रंग व फुग्यांतील बारीक अक्षरे यांच्या कडा जेपेगमध्ये मळतात. तेथे पीएनजी अधिक योग्य. अशी पाने सीबीझेड स्वरूपात एकत्र करता येतात. ही वस्तुतः झिप फाईलच असल्याने विशेष साधनाशिवायही उघडते. पानांना ००१, ००२ असे क्रमांक द्यावेत, अन्यथा दहावे पान दुसऱ्याच्या आधी येण्याचा संभव असतो. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांच्या 'भीमायन' (२०११) या बाबासाहेबांवरील चित्रग्रंथात नेहमीच्या चौकटीच नाहीत. अशा ग्रंथाचे पान तुकडे न करता अखंडच ठेवावे लागते. अर्थात स्वामित्वहक्क जिवंत असलेल्या ग्रंथांच्या प्रती प्रसृत करण्यापूर्वी अनुमती घेणे हे आपले कर्तव्य आहे.

स्वरूप कितीही उत्तम असले तरी एकुलती एक प्रत सुरक्षित नसते. एक प्रत नांदेडला, एक लातूरला व एक मराठवाड्याबाहेर ठेवावी. वर्षातून एकदा प्रत्येक फाईल उघडून पाहावी. आणि कागद स्कॅन झाला म्हणून रद्दीत देऊ नये. विहारांतील तरुण उपासक-उपासिकांनी प्रथम आपल्या वस्तीतील कागदांची यादी करावी. कोणता कागद कोणाकडे आहे हे कळल्यावरच त्याचे जतन सुरू होऊ शकते.