थोडं अपथ्य आणि त्याचा हिशेब

मागे बसलेल्यांना नीट ऐकू येतंय ना? आमचा घसा जरा बसला आहे, म्हणून आधीच विचारून घेतलं.

काल याच व्यासपीठावरून एका डॉक्टरांनी आहार आणि मधुमेह या विषयावर फार चांगलं सांगितलं. आम्हीही पहिल्या रांगेत बसून टिपणं काढली. व्याख्यान संपल्यावर बाहेर चहा होता. साखरेच्या चहापाशी एकही माणूस नाही, सगळी रांग बिनसाखरेच्या चहाला. आणि पंधरा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात पाहतो तर हीच मंडळी! आल्याचा, कडक, भरपूर साखरेचा. नावं घेत नाही, कारण त्यांत आम्हीही होतो.

तर आज आम्हाला बोलायचं आहे ते त्या पंधरा मिनिटांबद्दल. त्या वेळात काय घडतं? चहातली साखर वाईट की चांगली हा डॉक्टरांचा प्रांत, आणि त्यांचं उत्तर आम्हाला मान्य आहे. पण माणूस एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असा का वागतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वाट्याला येतो. जुना प्रश्न आहे. योग्य काय ते कळत असूनही माणूस उलट वागतो याला ग्रीक मंडळी 'अक्रासिया' म्हणत. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचं सातवं प्रकरण मुख्यतः याच्यासाठी खर्ची घातलं आहे. आपण त्याला सरळ 'मनावर ताबा नाही' म्हणतो आणि पुढचा विचार थांबवतो.

आमचं म्हणणं असं की दोष दर वेळी ताब्याचाच नसतो. पुष्कळदा तो संकल्पाचा असतो. आपण संकल्पच असा करतो की तो मोडल्याशिवाय जगता येऊ नये. एक जानेवारीपासून साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत, पहाटे पाचला फिरायला. हे चौदा तारखेपर्यंत नीट चालतं. मग तिळगूळ येतो. एक वडी खाल्ली, संकल्प मोडला. आणि मोडलाच आहे तर मग दुसरी वडी का नको? मग गुळाची पोळी का नको? आपल्याकडे म्हणच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी.

याचा प्रयोगही झालेला आहे. 1975 साली हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवलं, चव सांगा म्हणून हवं तेवढं खा. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नसत त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं म्हणून. ज्या सतत पथ्यावर असत त्यांनी उलट जास्त खाल्लं. भूक तीच, पोटही भरलेलं. फरक एवढाच की त्यांच्या हिशेबी आजचा दिवस बाद झाला होता.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय, मध्यममार्ग सांगताहेत. बुद्धाने सांगितला, गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, ॲरिस्टॉटलने सांगितला. खरं आहे. पण 'मध्यम' म्हणजे सगळ्यांना मोजून दिलेला सारखाच तुकडा, असा समज असेल तर तो काढून टाका. ॲरिस्टॉटल मिलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण देतो. दहा माप अन्न फार आणि दोन माप कमी, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप देत नाही. ते मिलोला कमी पडेल आणि नुकत्याच आखाड्यात आलेल्या पोराला जास्त होईल. मध्य काढायचा तो आपल्यापुरता.

पण या विषयावर आम्हाला सगळ्यांत शहाणे वाटले ते आपले वैद्य. आयुर्वेदात 'ओकसात्म्य' अशी एक कल्पना आहे. ओक म्हणजे इथे सवय. एखादी गोष्ट मुळात हितकर नाही, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने ती अंगवळणी पडली आहे, शरीर तिच्याशी जुळवून घेऊन बसलं आहे, तर ती ओकसात्म्य झाली. अशी गोष्ट वैद्याने एका दिवसात तोडायची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडावी असं सांगितलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्याचं माप दिलं. अपथ्याचा चौथा भाग कमी करा, तेही जमत नसेल तर चौथ्याचाही चौथा, म्हणजे सोळावा. आमच्या हिशेबाने चार चमचे साखर असेल तर पाव चमच्यापासून सुरुवात! शिवाय तो आणखी एक गोष्ट बजावतो. नुकसान करणारी गोष्ट एकाएकी सोडली, किंवा हितकर गोष्ट एकाएकी सुरू केली, तर त्यानेही विकार होतात. हितकर गोष्टीनेसुद्धा, बरं का. जिमचे वर्षभराचे पैसे एकदम भरून तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलेल्या आमच्या पुतण्याला आम्ही हे समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही.

एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आम्ही चरकाच्या तोंडी आपल्या सोयीचं घालू. सवय झाली आहे तर असू द्या, असं चरक म्हणत नाही. विमानस्थानात तो बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू या प्रदेशांतल्या लोकांचं उदाहरण देतो. ते दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, आणि त्याचे परिणाम भोगतात, असं स्पष्ट सांगतो. सोडायलाच हवं, पण हळू, हा त्याचा पक्ष. आम्ही त्याच्यापुढे अर्धं पाऊल जातो. सोडत सोडत एका ठिकाणी थांबलात, आणि उरलेलं अपथ्य खरोखरच लहान असलं, तर तिथेच राहावं आणि तसं उघड सांगावं. या अर्ध्या पावलाची जबाबदारी आमची.

ती आम्ही का घेतो, ते सांगतो. हे व्याख्यानात सांगायचं ठरलेलं नव्हतं.

1998 साली आमच्या आईला मधुमेह निघाला. तेव्हा ती 78 वर्षांची. दुपारी चारला तिला चहा लागायचा, कपात तीन चमचे साखर, बशीत ओतून प्यायची. आम्ही तेव्हा प्राध्यापक, घरातले शिकलेले. डॉक्टरांनी साखर कमी करा म्हटलं, आम्ही पूर्ण बंद केली. डबा वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा. तिने एकदा विचारलं, "अर्धा चमचा तरी?" आम्ही तिला अर्ध्यातून एक कसा होतो, एकातून तीन कसे होतात, ते समजावलं. तर्कशास्त्र शिकवत होतो ना.

चार-पाच महिन्यांनी कळलं की आई रोज चारला शेजारच्या काकूंकडे जाते आणि तिथे चहा घेते. आम्ही विचारलं, तर नाही म्हणाली. आमच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाली. लहानपणी शाळेत न जाता ओढ्यावर गेलो आणि खोटं बोललो, म्हणून याच बाईने आम्हाला उलथन्याने मारलं होतं. ती 78 व्या वर्षी खोटं बोलायला शिकली, आणि तिला शिकवलं आम्ही. पण हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा आम्ही शेजारी जाऊन त्या काकूंना चार शब्द ऐकवले. त्यानंतर आईने तिकडे जाणं सोडलं. काकूंनीही येणं सोडलं.

पुढच्या तपासणीत साखर चांगली आली. आम्ही तो रिपोर्ट तिला वाचून दाखवला. ती बरं म्हणाली. दीड वर्षाने अर्धांगाचा झटका येऊन गेली. चहाने काही वर्षं कमी झाली असती का, किंवा पथ्याने काही वाढली का, हे आम्ही सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. आम्हाला सांगता येतं ते इतकंच की शेवटच्या दीड वर्षात दुपारी चार वाजता ती खिडकीशी एकटी बसायची. साखर बंद करताना आम्ही तिच्याबरोबर आणखी काय बंद करत होतो याची यादी केलेली नव्हती.

आता दुसरं टोक बघा. तिथे माणूस स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करत होता. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं. 1918 मध्ये ते अतिसाराने इतके खंगले की जगण्याची आशा उरली नव्हती. डॉक्टर दूध घ्या म्हणत होते. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली. व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी घेतलं, बरे झाले, पुढे आयुष्यभर शेळीचं दूध घेत राहिले. पण आत्मकथेत ते स्वतःला सोडत नाहीत. व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी लिहून ठेवली आहे. आम्ही हे प्रकरण वर्गात पुष्कळदा शिकवलं, आणि दर वेळी कस्तुरबांच्या बाजूने शिकवलं. तरी गांधीजींचं एक मानलं पाहिजे. त्यांनी सवलत घेतली ती चारचौघांत घेतली, आणि तिला सवलतच म्हटलं. अमृततुल्यात जाऊन घेतली नाही.

एकदा वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग दिवसाला एक सिगारेट चालेल?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर नाही असं आहे. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकीनेच येतो, असं त्यात दिसलं. आपण समजतो विसावा भाग, निघतो अर्धा. म्हणजे सवय लहान आहे की मोठी हे तिच्या आकारावरून ठरत नाही. सुपारीचंही तेच. लोकमान्यांच्या सुपारीबद्दल आपण कौतुकाने ऐकत आलो. तिच्यात कुणाला काही गैर वाटत नसे. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं. तेव्हा अपथ्य लहान आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं. त्यांनी नाही म्हटलं तर आमचं व्याख्यान तुमच्या कामाचं नाही, आणि कृपा करून पानाच्या ठेल्यावर आमचं नाव सांगू नका.

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या पक्षालाच लागते. इमॅन्युएल कांट तुम्हाला माहीत आहे. कोनिग्सबर्गचा, नियम म्हणजे नियम असं सांगणारा. 1798 साली त्याने एका लेखात, केवळ निश्चयाच्या बळावर मनाने दुखण्यावर ताबा कसा मिळवावा, हे सांगितलं. पहाटे पाचला त्याचा नोकर लाम्पे त्याला उठवत असे. मग पातळ चहा, आणि तंबाखूचा एक पाइप. एकच. स्वतःला घालून दिलेला नियम होता तो. त्याच्या चरित्रात अशी नोंद आहे की वर्षं गेली तशी पाइपची संख्या एकच राहिली, पण पाइपचं भांडं मोठं मोठं होत गेलं!

आम्ही हे वाचून खूप हसलो, आणि मग उठून स्वयंपाकघरात गेलो. गेली नऊ वर्षं आम्हालाही मधुमेह आहे. दुपारी चारला एक कप साखरेचा चहा आणि दोन खारी, एवढं आम्ही ठेवलं आहे, बाकी बहुतेक सगळं पाळतो. डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं, आणि त्या हिशेबाने बाकीचं बसवून दिलं. तर आम्ही चहाचं मोजमाप घेतलं. आमच्याकडे जुना कानाचा कप होता, त्यात 90 मिलिलिटर मावतं. दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी वाढदिवसाला मग आणून दिला, त्याच्यावर आमचा फोटो आहे. त्यात 240 मावलं. फाइलमध्ये अजून एक कपच लिहिलेला होता. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मगाचं सांगितलं. त्यांनी काही न बोलता मागचे सहा महिन्यांचे आकडे आमच्यासमोर धरले.

आता परत जुना कप काढला आहे. त्याचा कान तुटलाय, त्यामुळे गरम असताना धरता येत नाही, बशीत ओतूनच प्यावा लागतो. मगात सूनबाई पेनं ठेवतात.

प्रश्न असतील तर घेऊ या. डॉक्टरसाहेब आजही आलेले दिसताहेत, पहिला प्रश्न त्यांचा असू द्या.