पिल्लाच्या तोंडाचं माप

ठकी घरी आली तेव्हा सात-आठ आठवड्यांची असेल. सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीमागे कुत्री व्याली होती, त्यातलं हे सगळ्यात धीट पिल्लू. तिच्यासाठी पहिलं खेळणं आणलं ते एक लालभडक, दाबलं की पीक-पीक वाजणारं कापडी बदक. दुकानात ते मला फार आवडलं होतं. चूक तिथेच झाली. संध्याकाळपर्यंत बदकाचा कापूस हॉलभर झाला होता आणि आतली प्लॅस्टिकची शिट्टी, रुपयाच्या नाण्याएवढी, ठकीच्या जिभेवर होती. बोट घालून काढली म्हणून निभावलं.

आधी त्या लाल रंगाचं बघू. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. 1989 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. त्यामुळे निळा आणि पिवळा त्यांना नीट दिसतो; लाल आणि हिरवा मात्र एकमेकांत मिसळून मळकट होतात. हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू पिल्लू वासाने शोधतं, आणि आपण म्हणतो, बावळट आहे, समोरचं दिसत नाही! फेकायचं खेळणं निळं घ्यावं. चघळायचं असेल तर रंगाकडे बघूच नये.

बघायचं ते तोंड. पिल्लाला दुधाचे दात 28. आपल्या बाळांपेक्षा आठ जास्त, आणि टोकं सुईसारखी. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास पुढच्या पटाशीचे दात पडायला लागतात, मग सुळे, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. या काळात हिरड्या ठणकत असतात. खुर्चीचा पाय, मोबाइलची वायर, पाहुण्यांची कोल्हापुरी यांच्यावर जे चालतं ते खोडीपेक्षा ठणक्यामुळे जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचं तोंड आणि पाच महिन्यांच्या पिल्लाचं तोंड ही दोन वेगळी गिऱ्हाइकं झाली. एकदाच सगळी खेळणी घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो.

कडकपणा तपासायला अंगठ्याचं नख पुरतं. खेळण्यात नख रोवून बघायचं: दबलं आणि हळूहळू परत फुगलं तर दातांना झेपेल. नख नुसतंच सरकलं तर ते खेळणं परत रॅकवर. दुसरी एक कसोटी म्हणजे ती वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटली तर काय होईल, याचा विचार. कळवळाल, तर पिल्लाच्या दातालाही ती नको. याच हिशेबाने वाळवलेले खूर, मोठी हाडं आणि हिमालयाकडून येणारी ती दगडासारखी छुरपी (वाळवलेलं चीज) बाद होते. मोठ्या कुत्र्यांचीसुद्धा वरची मोठी दाढ असल्या वस्तूंवर कपची उडून फुटते. शिजवलेल्या मटणाच्या हाडाचे तर अणकुचीदार तुकडे होतात, ते कुठल्याच वयात देऊ नये.

आता माप. चेंडू तोंडात पूर्ण मावून मागच्या दाढांपलीकडे सरकत असेल तर तो घशात अडकू शकतो. पिल्लू वाढतं, जबडा वाढतो, चेंडू तेवढाच राहतो. दोन महिन्यांपूर्वी बिनधोक असलेला चेंडू आज धोक्याचा. टेनिसचा चेंडू फेकाफेकीपुरता ठीक, चघळायला देऊ नये. त्यावरची लव माती धरते आणि पॉलिश पेपरसारखी दात घासते.

दोरीच्या खेळण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण घरोघरी तेच असतं. ओढाओढी खेळायला दोरी छान. पण धागे सुटायला लागले आणि पिल्लाने लांब धागा गिळला, की त्याचं एक टोक वर कुठेतरी अडकतं आणि आतडं मात्र त्या धाग्यावरून पुढे सरकत राहतं. लेंग्यात नाडी ओवल्यावर कापडाच्या चुण्या पडतात ना, तशाच चुण्या आतड्याला पडतात, आणि ताणलेला धागा आतून ते कापू शकतो. मग शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. शी करताना धाग्याचं टोक बाहेर दिसलं तर ओढू नका; सरळ डॉक्टर गाठा. दोरी खेळून झाली की उचलून वर ठेवायची, तिच्याबरोबर पिल्लाला एकटं सोडायचं नाही. आणि दात पडायच्या दिवसांत ओढाओढी हलक्या हाताने. ठकीचा एक सुळा असाच दोरीत रुतलेला मिळाला, भाताच्या शितापेक्षा जरासा मोठा. आईने तो काडेपेटीत जपून ठेवला आहे, का ते विचारायची सोय नाही.

जुनी चप्पल किंवा मोजा देऊ नका. ही जुनी, ती नवी हा भेद पिल्लाला कळत नाही. चपलेचा वास म्हणजे परवानगी, एवढंच ते शिकतं.

एकटं ठेवायचं असेल तेव्हा कामाचं एकच, आतून पोकळ रबरी खेळणं. यातलं सगळ्यात गाजलेलं काँग. अमेरिकेत कोलोरॅडोच्या जो मार्कहम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घालवत होता. मार्कहम फोक्सवॅगन व्हॅनची दुरुस्ती करत असताना तिच्या सस्पेन्शनचा रबरी भाग फ्रिट्झने उचलला आणि सोडेचना. त्यावरून हा आकार आला. पिल्लांसाठी त्याचं मऊ रबर वेगळं मिळतं. कुठल्याही कंपनीचं घ्या, पण आरपार दोन भोकं हवीत. एकच भोक असेल तर चाटता-चाटता आत पोकळी होऊन जीभ अडकून बसू शकते.

भरायला आमच्याकडे फोडणी न घातलेला दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा असतो. गच्च भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं; गार झालं की हिरड्यांनाही बरं वाटतं आणि चाटून संपवायला वेळ लागतो. पीनट बटर वापरणार असाल तर डबा फिरवून वाचा: झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीला घालतात ते, असेल तर कुत्र्याला ते विष आहे. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट यांचंही तेच. आणि हे सगळं नको असेल तर जुन्या पंच्याचा तुकडा भिजवून, पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवा. धागे सुटेपर्यंत, आणि आपण समोर असताना, तोच सगळ्यात स्वस्त इलाज.

खेळणी पाच-सहा पुरतात, पण सगळी एकदम जमिनीवर नकोत. दोन बाहेर, बाकी कपाटात; चार दिवसांनी अदलाबदल. कपाटातून आलेलं खेळणं ठकी नवंच समजून पळवते. रविवारी सकाळी मी सगळी गोळा करून बघतो: कुठे तडा, कुठे सुटलेली शिवण, किती रबर कमी झालं. गेल्या रविवारी निळ्या चेंडूचा नखाएवढा तुकडा गायब होता. चेंडू कचऱ्यात गेला, आणि मी दोन दिवस रोज सकाळी तिच्यामागे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जरा जास्तच निरखून बघत फिरलो. मंगळवारी सापडला.